सड्याचं मोल विचारलं की लोक 'आहे तसंच' म्हणतात. काय करू?

सड्यावरची: राजापूर तालुक्यात एमएस्सीच्या प्रबंधासाठी पाहणी करतेय. विषय, कातळसड्याचं, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठाराचं, मोल. सातबाऱ्यावर हा 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी, पण पावसात गेंद आणि सीतेची आसवं या फुलांनी भरून जातो. चिरेखाणवाल्यांचा डोळा बाराही महिने.

पद्धत चॉइस एक्सपेरिमेंटची: लोकांना पर्यायांतून निवडायला सांगायचं आणि निवडीवरून मोल काढायचं. दर कार्डावर तीन पर्याय: 'अ', 'ब' आणि 'आहे तसंच'. फुलांचा सडा किती राहील, खाणी किती, कातळशिल्पांना गडगा (दगडी बांध) असेल का, आणि घरटी वर्षाला किती रुपये. चाचणीच्या 30 घरांपैकी 19 घरांनी सगळ्या कार्डांवर 'आहे तसंच'वरच बोट ठेवलं. एक काकू म्हणाल्या, "आमचाच सडा, नि पैसे पन आमीच द्यायचे?"

या घरांना सडा नकोय असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. मग त्यांना मॉडेलमधून काढू का?

जुना मास्तर: काढू नका, कारण विचारा. "परवडत नाही" म्हणणाऱ्याचं शून्य खरं. "सरकारने द्यावेत" हा निषेध, तो वेगळा नोंदवा आणि निषेधाची घरं धरून आणि सोडून असे दोन्ही आकडे द्या. शिवाय फुलांची किंमत म्हणजे फुलांचा गुणांक (निवडीवर त्यांचा प्रभाव किती, तो आकडा) भागिले रुपयांचा गुणांक, चिन्ह उलटं. रुपयांकडे कुणी पाहिलंच नाही तर भाजक शून्याजवळ जातो आणि किंमत भलतीच फुगते.

गुहागरकर: काकूंचं बरोबर आहे, ताई. जमीन त्यांची, तर "खाणीला न देण्याबद्दल किती मिळावेत?" हाच न्याय्य प्रश्न. मात्र अशी उत्तरं फार मोठी येतात. म्हणूनच एक्झॉन वाल्देझच्या तेलगळतीनंतर अ‍ॅरो आणि सोलो या अर्थतज्ज्ञांच्या समितीने 1993 मध्ये "किती द्याल?" हेच विचारा असं सुचवलं. तुम्ही रुपयांऐवजी श्रमदानाचे दिवस घालून बघा. गडगा रचायला आमच्याकडे पैसे कोण मागतं?

सड्यावरची: दिवसांची कार्डं घेऊन कालच सहा घरी गेले. चार घरांनी 'ब' निवडला, वर्षाला तीन दिवस. त्या काकूंनीही. मग कार्ड हातात धरून त्यांनी विचारलं, "यात गुरांची वाट खय हाय?" ती मी घातलीच नव्हती. गडगा घातला की म्हशी डबक्यापर्यंत जाणार कुठून? माझ्या कार्डावर फुलं होती, शिल्पं होती, त्यांचं रोजचं पाणी नव्हतं. आता वाट आणि डबकं घालून कार्डं नव्याने छापतेय, आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून.