शेजाऱ्याने धुरा कोरला, तर सौम्यता कुठवर?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा): प्रभू येशूच्या नावाने सलाम. आमच्या शेजारचे काका दरवर्षी नांगरटीच्या वेळी धुऱ्याचे (बांधाचे) एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आपल्या शेतात ओढतात आणि यंदा तर डवरणीत बैल वळवताना धुऱ्यालगतची आमची तुरीची ओळही त्यांनी मोडली. गावात ख्रिस्ती घर आमचे एकच असल्याने मी आवाज चढवला, तर ‘चर्चमध्ये हेच शिकवतात का’ असे ऐकावे लागते. मग गप्प बसणे म्हणजेच सौम्यता समजावी काय?

निवृत्त गुरुजी: मुळीच नाही. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात 4:5 येथे सौम्यतेसाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्यात हक्क असूनही तो शेवटच्या टोकापर्यंत न ताणण्याचा अर्थ येतो. म्हणजे हक्क आधी मान्य आहेच. प्रेषित पौलाने हे पत्र बंदिवासातून लिहिले, हेही लक्षात घ्यावे. सरकारी मोजणीचा अर्ज जरूर करा, पण नोटीस पोहोचण्याआधी स्वतः जाऊन सांगा.

पाळकांची लेक: गुरुजींशी सहमत आहे. फक्त पारावर बोलू नका, कारण चारचौघांत चूक कोणी कबूल करत नाही. मत्तय 18:15 मध्येही आधी एकांतात बोलण्यास सांगितले आहे (तो उपदेश मंडळीतल्या भावाविषयी आहे खरा, पण रीत इथेही चालावी).

धुऱ्यावरचा: काल संध्याकाळी गेलो होतो. काकूंनी चहा ठेवला, काका बराच वेळ बैलांना ढेप चारत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘मोजणी आण, अर्धा खर्च माझा.’ तुरीचा विषय मी काढला नाही.