लाँगबोर्डवर लेह ते मनाली, आम्ही पाच जण, तयारी कशी करू?

येऊर_पहाटे:
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण आहोत, तिघं ठाण्याचे, दोघं नेरूळचे, दोन वर्षं लाँगबोर्ड, म्हणजे लांब स्केटबोर्ड, चालवतोय. रविवारी पहाटे उपवनला जमतो, बोर्ड काखेत मारून येऊरचा चढ पायी चढतो आणि उतरताना बोर्डवर. आता ऑगस्टमध्ये लेह ते मनाली करायचं डोक्यात बसलंय. न्यूझीलंडच्या रॉब थॉमसनने २००७-०८ मध्ये स्वित्झर्लंडहून शांघायपर्यंत १२,१५९ किमी स्केटबोर्डवर केलेत आणि तेही एकट्याने, हे वाचल्यापासून झोप नाही. मग आपल्याला सव्वाचारशे-साडेचारशे किमी का जमू नयेत? रोज ४० किमी, सामानाला एक गाडी, असा हिशोब आहे. व्हील कुठली घेऊ, विरळ हवेचं काय करायचं आणि घरच्यांना कसं पटवायचं ते सांगा, आई तर विषय काढला की उठून आत जाते.

पारसिक_उतार:
मित्रा, जा, नक्की जा, पण पहिल्याच खेपेला मनालीचा रस्ता नको. लेहहून निघालास की सव्वाशे किमीच्या आतच तांगलांग ला येतो (ला म्हणजे खिंड), ५,३०० मीटरच्या वर, आणि पुढे मोरे प्लेन्सचं पठार ओलांडून पांग इथे झोपायचं तर तेही ४,६०० च्या आसपास. तिथे नुसतं बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते, पुश मारणं, म्हणजे पायाने जमीन ढकलत बोर्ड पळवणं, लांबच राहिलं. शिवाय दुपारी बर्फ वितळून नाल्यांचं पाणी रस्त्यावर येतं, त्यात बोर्ड गेला की बेअरिंगची वाट लागलीच म्हणून समज.

आम्ही चौघांनी कारगिल ते लेह केलं, साधारण २१५ किमी, आठ दिवस लागले. कारगिल २,७०० मीटरच्या आत आहे, रस्त्यात मुलबेख, बोध खारबू, लामायुरू, खाल्सी अशी गावं लागत राहतात, जेवण-मुक्कामाची आबाळ होत नाही. डांबरही बऱ्याच ठिकाणी चांगलं मिळालं. वाळवंट आणि डोंगर दोन्ही त्यातच आले, सगळीकडे उघडे बोडके डोंगर आणि खाली नदीकाठी तेवढी हिरवी पट्टी. फोटू ला त्या रस्त्यावरचा सगळ्यात उंच, ४,१०८ मीटर, तो चढ आम्ही जवळजवळ पूर्ण चालत केला, त्यात कमीपणा मानू नका. सकाळी उजाडता निघायचं आणि एकच्या आत थांबायचं, दुपारनंतर वारा सुटतो आणि धूळ डोळ्यात जाते.

खरा घोळ उतारावर झाला. फोटू लाहून लामायुरूपर्यंत १५ किमी उतार, मी सारखा उजव्या पायाने ब्रेक मारत होतो आणि मध्येच पाय गरम लागायला लागला, थांबून बूट उलटा केला तर टाचेपुढचा तळ पार गेलेला आणि मोजा दिसतोय. त्या रात्री गाडीतल्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. आता निघायच्या आधीच मोच्याकडून टायरचं रबर लावून घेतो, दोन्ही बुटांना, कारण पाय बदलून ब्रेक मारता आला पाहिजे. तुम्ही येऊरला उतरता ते ठीक पण प्रत्येक वेळी ठरवलेल्या खुणेवर थांबून बघता का? ते करा.

व्हील ८५-९० एमएम, कडकपणा ७८ए-८०ए, मऊच घ्या, खडीवर कडक व्हील घेतलीत तर तळपाय बधिर होतात. मोठं व्हील वळताना डेकला, म्हणजे उभं राहायच्या फळीला, घासत नाही ना ते इथेच बघून घ्या. ड्रॉप-थ्रू डेक बरा, खाली असतो, दिवसभर पुश मारून गुडघा कमी दुखतो. मागच्या ट्रकला (चाकांचा आस) जरा कडक बुशिंग, म्हणजे त्यातली रबरी कडी, वजन पुढच्या पायावर, नाहीतर वेगात बोर्ड थरथरायला लागतो. आमचा एक जण असाच पडला, कोपर सोलवटलं, हेल्मेट होतं म्हणून निभावलं.

वाशीची_डॉक्टर:
मी फिजिशियन आहे म्हणून एवढंच सांगते. विमानाने थेट लेहला उतरलात तर पहिले दोन-तीन दिवस काही करायचं नाही, बोर्डला हातसुद्धा लावू नका. श्रीनगरहून रस्त्याने कारगिलला गेलात तर शरीराला जास्त वेळ मिळतो, मला तेच पटतं. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली की त्या दिवशी वर जाणं बंद, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, मित्राने दिलं म्हणून नको.

येऊर_पहाटे:
ताई, दादा, खूप आभार, कारगिल ते लेहच करतो. अजून एक विचारायचं होतं, आमच्यातला एक जण उताराला घाबरतो, त्याला उतारांपुरतं गाडीत बसवलं तर चालेल ना?

पारसिक_उतार:
त्याला वाटलं तर बसू दे, तुम्ही बसवू नका. आमच्यातही असा एक होता, पहिल्या दिवशी आम्ही पुढे निघून गेलो आणि तो मागे एकटा चालत आला, संध्याकाळी जेवताना कुणाशी बोलला नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवसापासून त्यालाच पुढे ठेवला, त्याच्या मागे आम्ही वीस-वीस मीटर अंतर सोडून, त्याने हात वर केला की सगळे थांबणार. मग त्याची भीतीही कमी झाली आणि कुणी वेडा वेगही घेतला नाही. गाडी सगळ्यांच्या मागे ठेवा, ड्रायव्हरला हे आधीच नीट सांगा, आमचा पहिला ड्रायव्हर कंटाळून दहा किमी पुढे जाऊन बसला होता आणि पाणी सगळं त्याच्याकडे.

आणि आईचं म्हणशील तर व्हिडिओ वगैरे दाखवू नको. एका रविवारी तिला उपवनला घेऊन ये, खाली उभी कर, वरून ये आणि तिच्या अलीकडे पाच पावलांवर थांबून दाखव. दहा वेळा दाखव.