वीरगळ गावातच राहू दे

दादा: नव्या घराच्या बागेत काहीतरी कलाकुसरीचं ठेवायचंय. नर्सरीत फायबरचा बुद्ध आणि सिमेंटचे बगळे बघितले, मनात भरले नाहीत. गावी भैरोबाच्या देवळामागे लिंबाखाली कोरीव दगड पडलाय, तो आणावा म्हणतो. रविवारी टेंपो जातोच आहे. फोटो टाकलाय.

वहिनी: सुंदरच आहे. गेटसमोर लॉनच्या मधोमध शोभेल. खालून पिवळा लाइट सोडू.

मी: दादा, ती वीरगळ आहे, लढताना गेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. फोटो मोठा करून बघ. सगळ्यात खाली माणूस आडवा पडलाय, शेजारी तीन गाई. गावाची गुरं कोणी वळवून नेत होतं, ती सोडवताना तो गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, त्याच्या वरती तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय. टोकाला चंद्र-सूर्य आहेत, ते आहेत तोवर याची आठवण राहावी म्हणून. यादवकाळात अशा पुष्कळ घडवल्या गेल्या. बोरिवलीच्या एकसरला तर वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलीय. हा आपल्या गावचा माणूस आहे, आपल्या गावासाठी मेलाय. त्याला तिथून हलवू नकोस, हात जोडून सांगते.

धाकटे काका: अगं पण तिथे तरी कोण विचारतंय? बायका त्यावर गोधड्या वाळत घालतात. आपल्याकडे निदान नीट राहील.

मी: काका, हाल होतायत हे खरं, मलाही बघवत नाही. पण तो दगड त्या जागेवर आहे म्हणूनच त्याला अर्थ आहे. पुण्यात आणला की नुसतं नक्षीकाम उरेल. शिवाय १०० वर्षांहून जुनं शिल्प म्हणजे पुरावस्तू, त्याला १९७२ चा कायदा लागतो. उचलून घरी आणणं महागात पडेल. त्यापेक्षा रविवारी जाताय तर सरपंचांशी बोला. देवळाच्या भिंतीलगत ओटा बांधून ती उभी करता येईल का, पुरातत्त्व खात्याला विचारून घेऊ. खर्च आपण भावंडं करू. आणि तोवर शेंदूर, ऑइलपेंट, अ‍ॅसिड काहीही लावू नका. कोरलेलं झिजतं नाहीतर बुजून जातं.

दादा: बरं. मी सरपंचांना फोन करतो. पण मग बागेत काय?

आत्या: आईचं जातं आणा की. गोठ्यात पडलंय कधीचं. माझ्या लग्नाचा घाणा त्याच्यावरच भरला होता, हळकुंड-सुपारी बांधून.

वहिनी: आत्या, हे कसं सुचलं नाही आम्हाला! मग मधोमध तेच ठेवू.

मी: वहिनी, मधोमध नको. लॉन कापताना रोज अडेल, आणि जात्याला कुणाचा पाय लागू नये. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पारिजात दिसतो ना, त्याच्या बुंध्यापासून हातभर पुढे ठेवा. सकाळी फुलं आपोआप वर पडतील. खाली खडी-वाळूचा थर द्या, नाहीतर पहिल्याच पावसात एका बाजूला कलेल. पावसाळ्यात शेवाळ धरेल, धरू दे, काळ्या दगडावर ते छान दिसतं. मधल्या भोकात पाणी साठेल तेवढं मात्र काढत जा, डेंग्यूचे डास तेवढ्यातही होतात. आणि खालून लाइट नको, अंगणातला दिवा पुरे.

धाकटे काका: उखळही आहे गोठ्यात. पाखरांना पाण्याला होईल.

मी: हो काका! फक्त पाणी रोज बदलायचं.

दादा: खालची तळी दोघांना उचलायची नाही. काका, तुम्ही उचलायला येऊ नका, कंबर सांभाळा. आणखी दोन गडी सांगून ठेवतो. जात्याचा खुंटा कुठेय पण? मागच्या वेळी दिसला नव्हता.

आत्या: खुंटा माझ्याकडे आहे. आई गेली तेव्हा घेऊन आले होते. टेंपो परतताना माझ्या दारावरून ने, देते.