घोड्यांना नाल मारण्याचे काम मुळापासून शिकायचे आहे : चिकोडी-निपाणी भागातून मदत हवी आहे

नमस्कार. मी चिकोडी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. आमच्या घरी दोन घोड्या आहेत आणि माझ्या पुतण्याला नालबंदीचे काम मुळापासून शिकायचे आहे. हे काम नीट शिकवणारे कोणी बेळगाव, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात, किंवा गरज पडल्यास त्याबाहेर, कोठे भेटेल आणि शिकण्याचा क्रम कसा असावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आमच्या थोरल्या घोडीच्या खुराबद्दलही एक तातडीची अडचण आहे, ती खाली लिहिली आहे.

आमच्या भागातून घोडे संपलेले नाहीत. टांगे गेले, पण वरातीच्या घोड्या आहेत, यात्रेतल्या शर्यतीचे घोडे आहेत, मेंढरांबरोबर फिरणाऱ्या धनगर कुटुंबांची बिऱ्हाड वाहणारी भीमथडी घोडी आहेत. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातील मानाचे अश्व दरवर्षी आमच्याच तालुक्यातील अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघून आळंदीपर्यंत पायी जातात. घोड्याला इतक्या लांब डांबरी रस्त्याने न्यायचे म्हणजे त्याच्या खुरांवर किती जाणत्या माणसाचा हात फिरलेला असावा लागतो, हे घोडी पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कमी झाले आहेत ते नालबंद. आमच्या घोड्यांना वर्षानुवर्षे नाल मारणारे चाचा आता थकले आहेत. घोड्याचा पाय मांडीवर घेऊन कमरेत वाकून बराच वेळ उभे राहणे त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि त्यांच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले आहेत. बैलांना पत्री मारणारे कारागीर मात्र अजून पुष्कळ आहेत, कारण गळीत हंगामात बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या बैलगाड्या आमच्या साखर कारखान्यांवर येतात आणि डांबरी रस्त्यावर भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलाला पत्रीवाचून चालत नाही. त्यांच्यापैकी एकाने पुतण्याला हाताखाली घ्यायची तयारीही दाखवली आहे. तरी माझे मन पूर्णपणे त्या बाजूला झुकत नाही.

त्याचे कारण असे की दोन्ही कामांत लोखंड आणि खिळा सोडल्यास फारच थोडे समान आहे. बैलाला दोरीने आडवा पाडतात, चारही पाय बांधतात आणि दुभंगलेल्या खुराच्या प्रत्येक भागावर वेगळी, पातळ पत्री ठोकतात. घोड्याचे काम तो उभा असताना करावे लागते. एक पाय माणसाच्या हातात असतो, उरलेल्या तिन्हींवर त्याला तोल सांभाळायचा असतो, आणि माणूस बिचकला आहे हे त्याला लगेच समजते. शिवाय घोड्याचा खूर एकसंध असल्यामुळे तासताना एका बाजूला थोडे जास्त गेले, तरी त्याचा परिणाम वर घोट्यापर्यंत आणि गुडघ्यापर्यंत पोहोचतो.

चाचांजवळ बसून आणि पशुवैद्यकांना विचारून जे समजले, ते येथे मांडतो, म्हणजे चुकीचे असल्यास दुरुस्त करता येईल. खुराचे बाहेरचे कवच महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते आणि पुढच्या टोकाशी ते वरपासून खालपर्यंत पूर्ण नवे व्हायला ९ ते १२ महिने लागतात. रानात मोकळ्या फिरणाऱ्या घोड्याचा खूर जमिनीवर घासून झिजतो, पण नाल असताना तो झिजत नाही, म्हणून नाल शाबूत असला तरी सहा आठवड्यांच्या सुमारास काढून, वाढलेला खूर तासून, पुन्हा बसवावा लागतो. खूर उलटा करून पाहिला की कवच आणि तळवा यांच्यामध्ये एक फिकट रेषा दिसते. खिळा तिच्या बाहेरच राहिला पाहिजे, कारण आतला भाग जिवंत आहे. खिळ्याचे टोक एका बाजूने तिरपे घासलेले असते. ती बाजू आत ठेवून ठोकल्यास खिळा वळत बाहेर निघतो आणि कवचावर साधारण दोन सेंटिमीटर उंचीवर टोक दिसते. ते मोडून वळवले की पकड पक्की होते. खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे मारू नयेत, कारण पाऊल टेकताना टाचेकडचा भाग थोडा फाकतो आणि तेथे खिळा असल्यास ही हालचाल अडते. खिळा घट्ट कवचात चालला आहे की मऊ भागाकडे सरकतो आहे, हे चाचा हातोडीच्या आवाजावरून ओळखतात. त्यांच्याजवळचे हे ज्ञान त्यांच्याबरोबर थांबावे, हे मला सहन होत नाही, आणि पुतण्यालाही नाही.

पुतण्या आयटीआयचा फिटर आहे. ऐरणीवर लोखंड तापवून वाकवणे त्याला जमते, अंगात ताकद आहे, आणि मुख्य म्हणजे त्याला जनावराजवळ थांबण्याचा धीर आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही तो सफाईने लिहितो-वाचतो, हिंदीही समजते, त्यामुळे भाषेची अडचण येणार नाही.

आता घोडीविषयी. मध्यंतरी चाचा आजारी असताना एका फिरत्या कारागिराने बाजारातला तयार नाल आणून बसवला. नाल लहान पडला, तेव्हा त्याने कवचाची बाहेरची बाजू कानशीने घासून खूरच नालाच्या मापाचा केला. नाल खुराच्या मापाचा असावा, खूर नालाच्या मापाचा करू नये, ही या कामातली पहिली गोष्ट मला वाटते. आता त्या उजव्या पुढच्या पायाला बाहेरच्या बाजूने खालून वर चढत गेलेली एक भेग आहे, खुराचे टोक लांबले आहे आणि टाच खाली बसली आहे. काळ्या मातीच्या पाणंदीत घोडी सरळ चालते, खडीवर मात्र पाऊल आखडते घेते. एक खिळा ढिला झाला आहे. नाल काढून तिला काही महिने मोकळ्या खुरांनी ठेवावे, की भेग सांभाळून नवा नाल बसवावा? पुतण्याने पत्रीच्या कामापासून सुरुवात केल्यास हाताला चुकीच्या सवयी लागतील का? आणि नाल तापवून बसवण्याची पद्धत त्याने शिकावी का, कारण आमच्याकडे सगळे काम थंड नालानेच होते?

प्रतिसाद (कागवाडहून)

आपला धागा वाचून समाधान वाटले, कारण आमच्याकडेही हीच परिस्थिती आहे. आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

पुतण्याने पत्रीवाल्याकडे जरूर जावे, मात्र खिळा ठोकण्याचा सराव, पकडीचा वापर आणि हत्यारांची निगा एवढ्यापुरतेच. खूर तासणे तेथे शिकू नये. ते शिकण्यासाठी मेलेल्या घोड्याचा किंवा गाढवाचा पाय मिळवावा, खूर मधोमध उभा कापून आतले हाड, तळव्याची जाडी आणि फिकट रेषेची जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. हे एकदा पाहिलेल्या माणसाचा हात कायमचा सावध होतो. पशुवैद्यकीय महाविद्यालयात विनंती केल्यास असे शिकता येते. हायवेने पुण्याकडे जाताना शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. त्यानंतर कित्येक महिने त्याने केवळ तासण्याचेच काम करावे, नालाला हात लावू नये. धनगरांची बिननालाची घोडी त्यासाठी उत्तम आहेत, आणि ती कुटुंबे खूर तासून देणाऱ्याला नाही म्हणणार नाहीत.

शिकवणाऱ्या माणसाबद्दल माझे मत असे की आपण तो चुकीच्या ठिकाणी शोधत आहोत. सैन्याच्या रिमाउंट आणि व्हेटर्नरी कोअरमध्ये नालबंद हे स्वतंत्र काम आहे आणि त्यांचे केंद्र मेरठला आहे. बाहेरच्या मुलाला तेथे प्रवेश नाही, पण आपल्या बेळगाव, कोल्हापूर, सातारा भागात माजी सैनिक गावोगाव आहेत. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात या कोअरमधून निवृत्त झालेल्यांची चौकशी करावी. दुसरा मार्ग रेसकोर्सचा. पुण्याचा रेसचा हंगाम पावसाळ्यात असतो, आणि तेव्हा आपल्याकडे लग्नसराई नसल्याने पुतण्याला मोकळीक असेल. तेथील नालबंदांच्या हाताखाली खुराचा समतोल कसा पाहतात ते शिकायला मिळेल, मात्र रेसच्या घोड्यांना अ‍ॅल्युमिनियमचे हलके नाल मारतात, ते आपल्या डांबरी रस्त्याच्या कामाचे नाहीत, हे लक्षात ठेवून शिकावे.

तापवलेल्या नालाविषयी : नाल क्षणभर खुरावर टेकवला की उंच राहिलेल्या जागा जळून काळ्या दिसतात आणि त्या सपाट केल्या की नाल तंतोतंत बसतो. कवचाला संवेदना नसल्याने घोड्याला वेदना होत नाहीत, पण धुराने तो बुजतो. फिटर मुलाने हे अवश्य शिकावे, पण थंड नाल सपाट बसवता येऊ लागल्यानंतर. ज्याला खूर सपाट करता येत नाही, त्याचे काम आगीने सुधारत नाही.

प्रतिसाद (पशुवैद्यक, हुक्केरी)

घोडीविषयी आधी लिहितो, कारण ते थांबण्यासारखे नाही. ढिल्या खिळ्याचा नाल पायात ठेवू नये. तो अर्धवट निघून वाकला आणि घोडीने त्यावर पाय दिला, तर तळव्याला भोक पडू शकते. काढताना प्रथम खिळ्यांची वळवलेली टोके सरळ करावीत किंवा कानशीने घासावीत, मग टाचेकडून पुढे थोडा थोडा सैल करावा. आडवा पिळून ओढल्यास कवचाचे तुकडे निघतात, आणि तुमच्या घोडीच्या खुरात आधीच भेग आहे.

नाल निघाल्यावर त्या भेगेच्या खालची कड थोडी तासून ती जमिनीला टेकणार नाही असे करावे, म्हणजे प्रत्येक पावलागणिक भेग फाकणार नाही. लांबलेले टोक एकाच वेळी पूर्ण कमी करू नये. चार-पाच आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे मागे आणावे, तसतसा टाचेला आधार मिळू लागेल. खुराच्या पुढच्या बाजूचा उतार आणि घोट्याखालच्या हाडाचा उतार एका रेषेत यावा, हे उद्दिष्ट धरावे. ती रेषा प्रत्येक घोड्याची आपापली असते, म्हणून दुसऱ्या घोड्याचा कोन मोजून येथे लावू नये. तोवर तिला वरातीला नेऊ नये, मऊ जमिनीवर फिरवावे. भेग खुराच्या वरच्या, केस सुरू होतात त्या कडेपर्यंत पोहोचली, तिच्यातून रक्त किंवा पू आला, अथवा खूर हाताला गरम लागून घोट्याच्या मागे नाडी जोरात उडू लागली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. जळके इंजिन ऑइल खुराला लावण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती कृपया बंद करावी. त्याने भेग भरत नाही, वरून नवे कवच वाढत खाली येईल तसतशीच ती निघून जाते.

आपल्या पुतण्याने आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी. खिळा मारताना घोड्याने पाय झटकला, तर तो खिळा लगेच काढावा, त्याच्या टोकावर ओल किंवा रक्त आहे का पाहावे, छिद्रात आयोडीन सोडावे आणि ते छिद्र रिकामे ठेवावे. मालकाला हे सांगणे त्याच्या कामाचाच भाग आहे, लपवल्यास दोन-तीन दिवसांनी लंगड येते आणि दोष शोधण्यात वेळ जातो. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, म्हणून नाल मारण्याआधी त्याला धनुर्वाताची लस दिली आहे का, हे विचारल्याशिवाय हातोडी उचलू नये.

धागाकर्ता

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. चाचांना घरी आणून, त्यांच्या देखरेखीखाली पुतण्याने आज नाल काढला. चाचा खुर्चीवर बसून सांगत होते, हात पुतण्याचा होता. भेग केसांच्या कडेपासून बरीच खाली आहे आणि खूर गरम नाही. तळव्याला एका बाजूला काळा, वास येणारा मऊ भाग आढळला, तो चिखलातल्या गोठ्यामुळे असावा, असे चाचांचे म्हणणे आहे, त्यामुळे गोठ्यात मुरूम टाकून जागा कोरडी करण्याचे काम उद्यापासून सुरू करतो. दोन्ही घोड्यांची धनुर्वाताची लस झालेली आहे.

माजी सैनिकांची चौकशी करण्याचा मार्ग आम्हाला सुचलाच नव्हता, त्यासाठी याच आठवड्यात बेळगावला जात आहोत. या कोअरमधून निवृत्त झालेले कोणी निपाणी, गडहिंग्लज किंवा कागल बाजूला राहत असल्याचे कोणास ठाऊक असल्यास, त्यांची परवानगी घेऊन मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे. पुतण्या त्यांच्या गावी राहून शिकायला तयार आहे.

डॉक्टरांना एक विचारायचे आहे. पहिले तासकाम करण्यापूर्वी खुराची छायाचित्रे येथे द्यावीत असे म्हणतो. घोडीला सपाट फरशीवर उभी करून, कॅमेरा जमिनीलगत ठेवून समोरून आणि बाजूने घेतली, तर उताराची रेषा पाहायला पुरेशी होतील का, की टाचेकडून आणि तळव्याचीही लागतील?