नव्या गाडीच्या काचेला तडा: क्लेम टाकायचा नाही, काचही काढायची नाही. पटतंय का?

शहापूरकर (धागाकर्ता)
गाडी घेऊन एकवीस दिवस झाले. जोतिबाला पूजा करून परत येताना कोगनोळी टोल ओलांडला आणि निपाणीच्या अलीकडं पुढच्या टिप्परच्या चाकातून खडा उडाला. 'टक्' एवढाच आवाज. मागं बसलेली आई म्हणाली, "काय पडलं रे?" मी म्हटलं, काही नाही. तवंदी घाट उतरून संकेश्वरला चहाला थांबलो तेव्हा नीट बघितलं. डाव्या बाजूला, आतल्या आरशाच्या जरा खाली, खसखशीच्या दाण्याएवढा खड्डा आणि त्यातून तीन पाय फुटलेले. दोन अगदी बारीक, एक करंगळीएवढा. बाहेरून नख फिरवलं की अडकतंय, आतून काच गुळगुळीत.

शोरूमच्या वर्कशॉपवाल्यानं पाच मिनिटांत निकाल दिला: "काच बदला सर, इन्शुरन्समध्ये बसतंय, आजच टाकूया." सगळं मिळून ११,५०० रुपये. वॉरंटीत काच येत नाही हे मलाही माहीत होतं, त्याबद्दल भांडण नाही.

पण माझं मत असं. एक, कारखान्यात बसवलेली काच पुन्हा तशी बसत नाही. तार घालून जुना सीलंट कापताना पत्र्याच्या कडेला एक ओरखडा गेला तरी गंज तिथूनच धरतोय, आणि आपल्या बेळगावचा पाऊस काय असतोय ते तुम्हाला सांगायला नको. दोन, एवढ्यासाठी क्लेम टाकला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न टाकल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, गेला. तड्यात रेझिन (वाळून घट्ट होणारा चिकट द्रव) भरून घ्यायचं, हजार-बाराशेत काम, आणि विषय संपवायचा. आई म्हणते दृष्ट लागली, लिंबू-मिरची बांध. ते बांधलंय. बाकीचं तुम्ही सांगा.

निपाणीचा तंबाखू
कशाला ओ जीव खायलाय? वर्षाचे पैसे मोजून इन्शुरन्स काढलाय तो काय कपाटात ठेवायला? काचेवर घसारा शून्य असतोय. रबर-प्लॅस्टिकला निम्मं कापतात, काचेला नाही. इंजिन १५०० सीसीच्या आतलं असेल तर सक्तीचे हजार रुपये तुमचे, वर कुठं काचेभोवतीच्या बीडिंगचे पाच-पन्नास. बाकी कंपनी देते. आणि नव्या गाडीला बोनस कुठनं आला? पहिल्या वर्षी शून्यच असतोय. जे नाहीच ते जायची भीती कसली!

आणि रेझिनचं म्हणाल तर ते लिंपण. आठ-नऊ लाखांच्या गाडीच्या तोंडावर लिंपण लावून फिरणार?

चिकोडीची सूनबाई
निपाणीच्या दादांशी सहमत, पण कारण वेगळं. पैशाआधी डोळ्यांचा विचार करा. माझ्या गाडीला असाच तडा होता, मी "बघू दिवाळीनंतर" करत राहिले. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना रात्री समोरून लक्झरी आली, तिचा दिवा त्या तड्यावर पडला आणि अख्खी काच चांदणीसारखी फुलली. दोन सेकंद मला रस्ता दिसला नाही. शेजारी नवरा झोपलेला, त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

समोरची काच नुसती वारा अडवायला नसते. छताला तिचा आधार असतो. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग वर फुगून काचेला टेकते आणि मग माणसाकडं येते. काच कच्ची तर एअरबॅग कशावर टेकणार?

शहापूरकर
ताई, एअरबॅगचा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला की! कारखान्याचा सीलंट पक्का आहे, तो कशाला उखडायचा? गल्लीत बसवलेली काच एअरबॅगला टिकेल याची खात्री कोण देणार?

निपाणीकर, बोनसबद्दल सांगायचं राहिलं. जुनी गाडी विकली तेव्हा तिच्यावर ५० टक्के होता. कंपनीकडून पत्र घेऊन नव्या गाडीवर आणलाय. म्हणजे माझं जाणार ते शून्य नाही, पन्नास.

निपाणीचा तंबाखू
हे आधी सांगायचं नव्हं का.

हिशेबनीस, टिळकवाडी
मग आकडे मांडूया, नाहीतर "बोनस गेला, बोनस गेला" एवढंच चालणार. बोनस फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीवर नाही. एकही क्लेम नसेल तर पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५० अशा चढतात. क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला थेट शून्य.

शहापूरकर ५० वर आहेत. क्लेम टाकला तर पुढची पाच वर्षं ५० च्या जागी ०, २०, २५, ३५, ४५. तोटा अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५ टक्के, म्हणजे एका वर्षाच्या प्रीमियमच्या सव्वापट. समजा बोनस धरण्याआधीचा हा प्रीमियम १२,००० आहे, तर १५,००० रुपये. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा प्रीमियमही उतरतो, म्हणून बारा-तेरा हजार धरा. मिळणार किती? ११,५०० वजा हजार, वजा किरकोळ. क्लेम तोट्याचा.

पण ज्याची पहिलीच गाडी आहे आणि बोनस शून्यावर आहे त्याला हेच गणित उलटं. त्याचा तोटा २०, ५, १०, १०, ५, बेरीज ५० टक्के. त्याच गाडीला सहा हजार, उतरत्या प्रीमियमनं त्याहून कमी. त्यानं खुशाल क्लेम टाकावा. म्हणजे निपाणीकरांचा सल्ला चुकीचा नव्हता, माणूस चुकीचा होता.

शहापूरकर, पॉलिसीचा कागद काढून बघा. बोनस संरक्षणाचं ॲड-ऑन घेतलंय का, किंवा नुसत्या काचेच्या क्लेमला बोनस जात नाही असं कलम आहे का. काही पॉलिसींत असतं. असेल तर वरचं सगळं खोडा.

निपाणीचा तंबाखू
हिशेबनीस, तुमच्या गणितात पाच वर्षं एक ओरखडा नाही! ऊस सुरू झाला की संकेश्वर-हुक्केरी रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही. पाच वर्षांत एक क्लेम होणारच. मग बोनस तसाही जाणार, काच मात्र खिशातनं झाली. आणि त्याच पॉलिसी वर्षात दुसरा क्लेम झाला तर बोनस दुसऱ्यांदा थोडाच जातो? गेलेला गेलाच.

हिशेबनीस, टिळकवाडी
हे खरं आहे. त्यावर उत्तर एवढंच की आमच्या जुन्या गाडीनं सात वर्षं काढली.

खडीवाला, खानापूर
सगळे टिप्परवाल्याला शिव्या द्यायलाय म्हणून लिहितो. अजून कुणी दिल्या नाहीत, पण देणार, माहीत आहे. माझे दोन टिप्पर आहेत. ताडपत्री बांधूनच काढतो. पण खडा ताडपत्रीतनं येत नाही, मागच्या जोडचाकांच्या फटीत अडकतोय आणि वेग घेतला की सुटतोय. कधी आमच्या मालाचा, कधी रस्त्यावरच पडलेला. हवेत सुटला की त्याचा वेग मोडतोय, आणि मागनं तुम्ही ऐंशीनं येताय. खडा तुमच्यावर येत नाही, तुम्ही खड्यावर जाताय. शंभर मीटर मागं राहा, काचा फुटणार नाहीत.

चिकोडीची सूनबाई
शंभर मीटर मागं राहिलं की मधे तीन गाड्या घुसतात, दादा. आणि मडफ्लॅप लावायला कुणी अडवलंय? निम्म्या टिप्परना नसतात.

शिनोळीकर
टिप्परच्या थर्ड पार्टी विम्यातून घेता येत नाही का? दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत त्यात येतं ना?

हिशेबनीस, टिळकवाडी
येतं. पण गाडीचा नंबर हवा, खडा त्याच चाकाचा हे सिद्ध करायला हवं, आणि दावा न्यायाधिकरणात. साडेअकरा हजारांसाठी तारखांना जाणार असाल तर जा.

शिनोळीकर
नको. दुसरी शंका. माझी गाडी एमएच ०९, पासिंग कोल्हापूरचं, रोज येणं-जाणं बेळगावला. काच इकडं फुटली तर क्लेम कोल्हापूरलाच करायचा का? आणि डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांच्या काचा फोडल्या होत्या, तसल्या दगडाला विमा लागू होतो का?

हिशेबनीस, टिळकवाडी
पॉलिसी भारतभर चालते, पासिंगशी संबंध नाही. बेळगावातलं गॅरेज तुमच्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का तेवढं बघा. दंगल, मुद्दाम केलेलं नुकसान हे सर्वसमावेशक पॉलिसीत येतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. आणि कळवण्याआधी काच काढायची नाही. फोटो, तपासणी, मंजुरी, मग काम. आधी काच बदलून बिल घेऊन गेलेला एक शेजारी अजून फेऱ्या मारतोय.

(सीमाप्रश्नाला फाटा फोडू नका रे कुणी. त्याचे धागे वेगळे आहेत आणि तिथं काचा रोजच फुटतात.)

उद्यमबागचा काचवाला
उशिरा आलो, दुकान बंद करून लिहितोय. वीस वर्षं काचा बसवतोय, म्हणून माझं थोडं ऐका.

समोरची काच म्हणजे दोन काचा, मधे प्लॅस्टिकचा पातळ पडदा. म्हणून ती फुटली तरी हातात येत नाही. बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात, त्या फुटल्या की साखरेसारख्या सांडतात. शहापूरकरांची आतली काच गुळगुळीत आहे, म्हणजे फक्त बाहेरचा थर गेलाय. असल्यात रेझिन भरता येतं. पंपानं आतली हवा ओढायची, रेझिन सोडायचं, निळसर दिव्याखाली वाळवायचं. निपाणीकर लिंपण म्हणतात, पण चांगलं बसलं तर नख अडकत नाही. खूण थोडी राहते, अगदी गायब होतं म्हणणारा खोटं बोलतोय.

पण रेझिन कशाला चालतं? रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढ्या खड्ड्याला. पाय लांबलेला असेल, काचेच्या कडेला पोचला असेल किंवा ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल तर मी भरत नाही, गिऱ्हाईक परत पाठवतो. आणि खड्ड्यात धूळ-पाणी जायच्या आधी यायला पाहिजे. खडा लागल्या लागल्या वर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावायची. तुम्ही लावली का? लिंबू-मिरची बांधलीत म्हणता.

शोरूमची काच का बाहेरची, याच्यावर इथं मारामारी होणार म्हणून आधीच सांगतो. बाहेर बसवायची तर कोपऱ्यातला शिक्का बघा, आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ लिहिलेलं पाहिजे. नसलेली काच स्वस्त मिळते, वायपर फिरून वर्षात धुरकट होते. गाडीला काचेमागं कॅमेरा असेल, लेन सांभाळणारा, आपोआप ब्रेक लावणारा, तर माझ्याकडंही येऊ नका. काच बदलल्यावर तो कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो, त्याचं मशीन माझ्याकडं नाही.

गंजाचं म्हणाल तर शहापूरकर अर्धे बरोबर. घाईत कापणारे पत्रा खरवडतात. पण ओरखड्यावर प्रायमर मारला, सीलंट वाळेपर्यंत गाडी हलवली नाही तर पाणी येत नाही. गिऱ्हाईक अर्ध्या तासात चावी मागतंय, तिथं घोटाळा होतोय.

आज रात्री एक करा. तिन्ही पायांच्या टोकाला मार्करनं बारीक आडवी खूण करा. सकाळी बघा. तोवर एसीचा वारा काचेवर सोडू नका आणि गाडी उन्हात ठेवू नका.

शहापूरकर
चिकटपट्टी नाही लावली. माझ्या गाडीला कॅमेरा नाही, तेवढं बरं. खुणा आत्ता केल्या.

निपाणीचा तंबाखू
संकेश्वरला चहाला थांबलात तिथं किराणा दुकानात दहा रुपयाला मिळाली असती पट्टी.

शहापूरकर
सकाळी पावणेसातला बघितलं. दोन बारीक पाय खुणेवरच आहेत. करंगळीवाला खुणेच्या पुढं दोन बोटं गेलाय, आणि गेलाय तो उजवीकडं, माझ्या सीटकडं. रात्री गाडी हललेली नाही, नुसती दारात उभी होती.

पॉलिसीही बघितली. बोनस संरक्षण घेतलेलं नाही, काचेचं कलमही नाही. आठशे रुपये वाचवले होते तेव्हा.

काच बदलतोय. कंपनीचीच, शोरूममध्ये, प्रायमर मारताना समोर उभं राहून. क्लेम नाही, खिशातून.

निपाणीचा तंबाखू
म्हणजे काच काढायची नाही म्हणत होता ती काढणार, आणि क्लेम टाका म्हटलं तो टाकणार नाही. आमचं एक ऐकलं, एक नाही. आणि शिमग्याच्या आत तुम्ही कुठल्या तरी ट्रॉलीला घासणार, तेव्हा या धाग्यावर येऊन लिहा.

चिकोडीची सूनबाई
जुन्या काचेवरचा फास्टॅग काढून नव्यावर चिकटवायला जाऊ नका, फाटतो तो. नवा मागवून ठेवा, नाहीतर हत्तरगीच्या टोलला अडकाल.

उद्यमबागचा काचवाला
पावसाच्या आत करा. आणि पहिले दोन दिवस दार आपटू नका, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा.