मदत हवी आहे: सुट्टीत मुलीकडून गणिताचा सराव करून घ्यावा का?

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. मुलगी जूनमध्ये चौथीत जाईल, माध्यम मराठी. वाचनाची काळजी नाही, गोष्टीचं पुस्तक हातात पडलं की जेवायलाही उठत नाही. पण हातच्याची वजाबाकी अजून चुकते, भागाकार म्हटलं की डोळ्यांत पाणी. दीड महिना वहीला हात लावला नाही तर आहे तेही विसरेल, अशी भीती वाटते.

सासूबाईंचं म्हणणं, सुट्टीत पोरांना दप्तर दाखवू नये. मलाही ते बरंचसं पटतं. सोसायटीतली बरीच मुलं सकाळपासून क्लासला जातात, ते बघून जीव तुटतो. म्हणून वर्कबुकचा गठ्ठा आणायचा नाही, एवढं नक्की. सकाळी ऊन चढायच्या आत अर्धा तास, बस.

मे महिन्यात निफाडला मामाकडे जाणार आहोत. तिथे कांद्याचा भाव क्विंटलमध्ये बोलतात. 100 किलोचा भाव सांगून किलोला किती पडला हे तिला काढायला लावावं, असा विचार आहे. पण अशा तोंडी हिशेबाने कागदावरचा भागाकार खरंच सुधारतो का? कुणी करून पाहिलंय?

शिक्षक मंडळींनी जरूर सांगा: रोज थोडं घ्यावं, की मे पूर्ण मोकळा सोडून जूनच्या पहिल्या आठवड्यात उजळणी पुरते? आणि सार्वजनिक वाचनालयात लहान मुलांसाठी सुट्टीत काही उपक्रम असतात का?