आयसीपी-एमएसच्या (अर्गॉन प्लाझ्मात नमुन्याचे आयन करून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) प्लाझ्माचं व्होल्टेज मोजायचंय, रीडिंग थांबतच नाही. मदत हवी आहे

गोदाकाठ (नांदेड): सोमवारी गाईडना आकडा दाखवायचाय. टंगस्टनची तार प्लाझ्मात घालून बघायलोय, मीटर कधी ४ व्होल्ट दाखवतंय, कधी ३०. बोअरच्या पाण्याचे नमुने तसेच पडलेत. कुणी केलंय का?

बालाघाट: प्लाझ्मा पेटवणारी कॉइल किती मेगाहर्ट्झची? टॉर्चला (प्लाझ्माची नळी) शिल्ड (कॉइल आणि नळीमधला अर्थ केलेला धातूचा पत्रा) आहे का? तार आणि मीटरमध्ये चोक (उच्च फ्रीक्वेन्सी अडवणारं वेटोळं) लावलाय? हे कळल्याशिवाय काय सांगणार भाऊ?

गोदाकाठ: २७.१२. चोक नाही, साधं मल्टिमीटर. शिल्डचं बघावं लागेल.

बालाघाट: मग तो आकडा प्लाझ्माचा नाहीच. आरएफ (कॉइलचं उच्च फ्रीक्वेन्सीचं व्होल्टेज) तारेवर चढतं, मीटरची वायर अँटेना होते. चोक तारेच्या बुडाशीच लावा. ऑसिलोस्कोपही जोडू नका, प्रोबचे १० पिकोफॅरड म्हणजे या फ्रीक्वेन्सीला जेमतेम ५९० ओहम. आणि तारेवर येतं ते फ्लोटिंग पोटेन्शियल (अधांतरी तारेचं व्होल्टेज), प्लाझ्माचं त्याहून वर असतं. तारेला हात लावू नका, आरएफचा चटका खोल बसतो.

मांजराकाठ: तार काहून घालता? तार गेली की प्लाझ्माच बदलला. लिथियम, कोबाल्ट, इंडियम, युरेनियमचं द्रावण मशीनमध्ये सोडा, क्वाड्रुपोलचा (वस्तुमानानुसार आयन वेगळे करणारा भाग) बायस (त्यावरचं डीसी व्होल्टेज) वाढवत नेऊन सिग्नल कुठं मरतो ते लिहून ठेवा. ऊर्जा वस्तुमानासमोर मांडून रेघ शून्य वस्तुमानापर्यंत ओढली की तिथं पोटेन्शियल मिळतं. आम्ही असंच काढलं.

बालाघाट: तो सरासरी आकडा झाला. आरएफचा झोका ऊर्जेच्या पसाऱ्यात दडून राहतो.

काळीमाती: आधी अर्थिंग बघा. उन्हाळ्यात आपली जमीन भेगाळते, अर्थचा खड्डा सुकतो. मी कोळसा-मीठ भरून रोज दोन बादल्या पाणी ओततो.

मांजराकाठ: दादा, २७ मेगाहर्ट्झला खड्ड्यापर्यंतची लांब वायर स्वतःच कॉइल होते.

औंढेकर: बोअरचं पाणी म्हणालात म्हणून सांगतो, यात फ्लोराइड शोधू नका. फ्लोरिनच्या आयननाला १७.४२ इव्ही (इलेक्ट्रॉनव्होल्ट) लागतात, अर्गॉनचेच १५.७६. आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड घ्या.

गोदाकाठ: फ्लोराइड नाही हो सर, आर्सेनिक आणि युरेनियम बघायचंय. मशीन बंद करून शिल्ड पाहिलं. मागच्या महिन्यात टॉर्च बदलला, तेव्हापासून शिल्डची पट्टी अर्थच्या क्लिपला टेकलीच नाही! बेरियमचे दुहेरी आयनही (दोन इलेक्ट्रॉन गमावलेले) तेव्हापासूनच वाढलेत, मी नमुन्यांना दोष देत बसलो.

बालाघाट: मग शिल्ड अधांतरीच होतं. कॉइलचं व्होल्टेज कपॅसिटिव्ह जोडानं थेट प्लाझ्मावर, आणि कोनच्या (प्लाझ्मातून आयन आत घेणारा भोकाचा सुळका) तोंडाशी डिस्चार्ज. पट्टी नीट बसवा, बेरियम परत मोजा. कोनचं भोक झिजलंय का तेही बघा.

मांजराकाठ: आणि तार काढून टाका. चार मूलद्रव्यांची रेघ सोमवारच्या आत होते.